वाढीव रहदारी

दुपारचे चार वाजेपर्यंत नेमसिंगच्या कागदावर कोळशाचे तीनशे बारा ट्रक उमटले होते. चार उभ्या रेघा, त्यांवर पाचवी आडवी. वणीहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, सत्यशीलाबाईंच्या किराणा-चहाच्या दुकानाच्या पायरीवर तो सकाळपासून बसून होता. दुकानाला लागून त्यांनी एक खोली बांधली होती. निळे शटर बसले होते, रंगाचा वास अजून गेला नव्हता. तेथे कापडदुकान निघाले तर रस्त्यावरची वर्दळ किती वाढेल, याचा अंदाज रस्त्याच्या खात्याला हवा होता. त्यावर परवानगी अवलंबून होती. अंदाज काढणाऱ्या कंपनीने नेमसिंगला पाठवले होते.

"हे पांढरी गाडी थांबत नाई पाहा," सत्यशीलाबाई गल्ल्यामागून म्हणाल्या.

मोटार थांबली नाही.

"कसं ओळखता हो मावशी?"

"मांगच्या शिटावर बायको नव्या साडीत ताठ बसून हाय. घडी मोडन म्हनून थे मधी कुठी उतरत नाई." त्यांनी तागडीवरचा गूळ पुडीत बांधला. "आता मांगून फटफटी येते, थे थांबन. त्याची तंबाकू सरली असन."

फटफटी थांबली. नेमसिंगने सकाळी गंमत म्हणून त्यांचे अंदाज समासात टिपायला सुरुवात केली होती. चाळीसांत दोनच चुकले होते. त्याच्या पिशवीतल्या पुस्तकात दुकानाच्या क्षेत्रफळावरून गाड्यांच्या फेऱ्यांची संख्या काढण्याचे कोष्टक होते. ते त्याने बराच वेळ उघडले नव्हते.

अखेर त्याने बेरीज केली आणि मान वर केली.

"मावशी, काम झालं तुमचं. गाड्या फारशा वाढत नाहीत. किराण्याला थांबणारेच कापड घेतील. अहवाल तुमच्या बाजूनं आहे."

त्या हसल्या नाहीत. रस्त्यापलीकडे कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या बाया सोयाबीन काढून परतत होत्या. डोक्यावर विळे खोचलेल्या पेंढ्या, कोणाच्या कडेवर मूल. रस्त्याच्या काठाशी येऊन त्या थबकल्या. एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग सगळ्या एकदम, वाऱ्याने ढकलल्यासारख्या, अलीकडे धावत आल्या. तेल, मीठ, चहापत्ती घेऊन पुन्हा तशाच काठाशी उभ्या राहिल्या. शेवटची बाई पलीकडे पोहोचेस्तोवर सत्यशीलाबाईंनी पुढच्या गिऱ्हाईकाकडे पाहिले नाही.

"ह्या किती लिवल्या?"

"सकाळपासून साठ. पायी चालणारे वेगळे धरतो. पण रोजच्याच आहेत ना त्या. त्यात वाढ काय धरायची?"

"साहेब, तुमचं लगन झालं काय?"

"नाही अजून."

"मंग तुमाले काय कळते कापड!" त्या बाहेर आल्या. "मीठ एका खेपीत घेतलं जाते. लुगडं नाई घेतलं जात. पहिले पाहाले येतीन. मंग बहिनीले दाखवाले आनतीन. तिसऱ्या खेपीत घेतीन, आन घरी जाऊन रंग नाई पटला म्हनून बदलाले येतीन. एका लुगड्याच्या चार खेपा. साठ बायांच्या किती?"

"दोनशे चाळीस."

"आन हरेक खेपीत रस्ता दोनदा ओलांडा लागते."

नेमसिंगची पेन्सिल थांबली. चारशे ऐंशी. कोष्टकात ही संख्या कोठेच नव्हती. आणि ती खरी आहे, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"लिवा," त्या म्हणाल्या.

"मावशी, हे लिहिलं तर परवानगी अडकेल. कोणी विचारणार नाही. माझ्याकडून राहून गेलं असं समजा."

"तुमच्याकडून राहीन. माह्याकडून कसं राहीन? म्या तं मोजलं ना आता."

त्याने लिहिले. आकडा कागदावर आला आणि निळ्या शटराकडे दोघांपैकी कोणीही पाहिले नाही. एक भरलेला ट्रक गेला. ताडपत्रीखालून निसटलेली काळी भुकटी रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर हलकेच बसली.

मग त्यांनी रस्त्यापलीकडे बोट केले. "थो टिनाचा गोठा माहाच हाय. म्हशी इकल्या तवापासून रिकामा पडून हाय. रस्त्यापासून आत हाय, आन पोडाच्याच बाजूनं हाय. कापड तिकडं लावलं तं?"

"मग बायांना कापडासाठी ओलांडावं लागणार नाही." तो घुटमळला. "पण ही खोली? एवढा खर्च करून बांधली."

"पोते ठेवीन."

"आणि इकडे किराणा, तिकडे कापड. मधे हा रस्ता. तुम्ही तर एकट्या."

"मंग म्याच ओलांडीन. दिवसातून इस येळा, तीस येळा." प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. "हे डायवर सारे माह्याच दुकानचा चहा पेतात. माह्यासाठी थांबतीन, नाई थांबले तं उद्या चहा कोनाचा पेतीन?"

नेमसिंगने कोरा कागद काढला. नव्या जागेचे नाव घातले आणि त्याखाली सावकाश लिहिले: रस्ता ओलांडणाऱ्यांत अपेक्षित वाढ, व्यक्ती एक.

सत्यशीलाबाई गोठा मोजायला निघाल्या होत्या. पदर खोचून, उजवा हात वर करून त्या डांबरावर उतरल्या. वणीकडून आलेला कोळशाचा ट्रक लांबूनच मंदावला, फुसकारला आणि उभा राहिला. त्या रस्त्याच्या मध्यावर पोहोचल्या तेव्हा नेमसिंगच्या लक्षात आले, की आपणही केव्हाचे उठून उभे आहोत.