सोमवारचं दूध

२०१९ सालच्या फेब्रुवारीत, जुन्नरच्या एका कॉलेजच्या सभागृहात, पडद्यावर गायींच्या कासा लालभडक दिसत होत्या आणि साळुबाईच्या लेकीसाठी टाळ्या वाजत होत्या.

विद्यापीठाचं चर्चासत्र होतं. जीवशास्त्राने आपलं दार लावून बसू नये, इंजिनिअरांना आणि गणितवाल्यांना सोबत घेऊन काम करावं, असा त्याचा विषय. साळुबाईची ही लेक, वृषाली, जीवशास्त्र शिकलेली. तिच्याबरोबरचा मुआज जुन्नरचाच, अवसरीला इंजिनिअर झालेला. दोघांनी एक कॅमेरा तयार केला होता. तो कासेची ऊब टिपायचा. ऊब जास्त तर चित्र लाल, आणि लाल म्हणजे गायीला दगडी होऊ घातलाय. दगडीत कास सुजून घट्ट होते आणि चांगली दुभती गाय हातची जाते. तो आधी कळला तर शेतकऱ्याचं केवढं काम!

एका जागी एवढ्या गायी बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराशिवाय कुठे मिळणार? पाच सोमवार दोघं तिथे कॅमेरा घेऊन उभे राहिले. वृषालीचे वडील गोरख याच बाजारात गायी विकणारे, म्हणून कुणी हटकलं नाही. एकशे चाळीस गायी टिपल्या, त्यांतल्या त्र्याण्णव लाल निघाल्या.

समितीच्या मॅडम पुण्याहून आल्या होत्या. सहा कामांतलं एकच निवडून त्याला तीन वर्षांची मदत द्यायची होती. त्या म्हणाल्या की तालुक्यात रोग इतका पसरलाय हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, आता गावोगाव इंजेक्शनं द्यावी लागतील. निवड कुणाची होणार हे सांगायला नको होतं. गोरख शेजारच्या पाव्हण्याला कोपराने ढोसून म्हणाला, "आमची हाय ती."

साळुबाई मात्र टाळी वाजवता वाजवता थांबली होती. तिसऱ्या ओळीतली कास तिच्या ओळखीची होती. डावीकडचा मागचा सड आखूड. ती चांदी. चार वर्षं साळुबाईने रोज दोन वेळा तिची धार काढली होती.

फक्त त्या सोमवारी नाही.

गोरखला कळलं असावं. पडद्याकडेच बघत त्याने तिचं मनगट दाबलं. "गप बस. पोरीचं काम होतंय."

साळुबाई गप्प बसली. वृषाली सहा वर्षांची होती तेव्हा तरी तिने खरं कुठे सांगितलं होतं? सोमवारी सकाळी घरात कोरा चहा व्हायचा. पोरीने विचारलं, दूध कुठं गेलं? चुलीपुढे बसलेल्या साळुबाईच्या तोंडून निघून गेलं, की आज सोमवार, आज दूध महादेवाचं. पोरीने ते धरून ठेवलं. शाळेत मैत्रिणींनाही ऐटीत सांगायची. पुढे शिकायला बाहेर गेली, गायींवर जाडजाड पुस्तकं वाचली, पण सोमवारी घरात दूध का नसतं, हे काही त्यांत नव्हतं आणि आईने सांगितलेलं कोण तपासून बघतं?

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. साळुबाई उठून उभी राहिली.

"मॅडम, त्या गाया आजारी नाय."

सगळ्या माना वळल्या. वृषाली तर पांढरीफटक पडली.

"बोला ताई," मॅडम म्हणाल्या.

"ती तिसऱ्या वळीतली, आखूड सडाची, आमची चांदी हाय. तिला काय बी झालेलं नाय. आदल्या दिवसाच्या सकाळपासून म्या तिची धारच काढली नव्हती. बाजाराला न्यायच्या गायीचं दूध आमी तुंबवतो. कास भरलेली दिसली की गिऱ्हाईक भुलतं. तुंबली की कास तापती बी. म्या केलं, समद्यांनीच केलं. पोरीची चूक नाय. तिला खोटं म्या सांगितलं व्हतं."

सभागृहात कुणीतरी हसलं. गोरखने मान खाली घातली. बेल्ह्यात आता तोंड कसं दाखवायचं, हे त्याच्या मानेवर लिहिलेलं दिसत होतं.

 वृषाली माईकवरूनच हळू म्हणाली, "म्हणून कोरा चहा व्हायचा, आई?"

"म्हनून."

पोरीने समोरचा कागद घेतला आणि त्र्याण्णववर स्वतःच काट मारली.

निवड दुसऱ्या कुणाची तरी झाली. बाहेर चपला घालताना मुआज साळुबाईपाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसेना. त्याने विचारलं, "काकू, सहा तास तुंबवलेली आणि बारा तास तुंबवलेली, दोन्ही तुमच्या गोठ्यात बघायला मिळतील?"

"लई काळ नाय तुंबवायची," ती म्हणाली. "पन ये."

दोन वर्षं तो आणि वृषाली त्या गोठ्यात घड्याळ लावून बसले. तिसऱ्या वर्षी त्याच मॅडमपुढे त्यांनी नवा कॅमेरा ठेवला. दुधाने तापलेली कास वेगळी आणि रोगाने तापलेली वेगळी, हे तो सांगायचा. गाय किती तासांची तुंबवलीय, हेही सांगायचा. मदत मिळाली. मॅडम आता निवृत्त झाल्या. मुआजचा नारायणगावला कारखाना आहे, हाताखाली अकरा माणसं. वृषाली डॉक्टरेट घेऊन विद्यापीठात शिकवते आणि पोरांना पहिल्या तासाला सांगते, की आधी गोठ्यातल्या बाईला विचारून या.

त्या चर्चासत्रानंतर गोरख आठ दिवस बायकोशी बोलला नव्हता. नवा कॅमेरा बेल्ह्यात आला, तेव्हा त्याचीच गाय पहिली पकडली गेली, चौदा तास तुंबवलेली. हल्ली गिऱ्हाईक त्यालाच शोधत येतं, कारण त्यानंतर धार काढून गाय आणणारा तो बाजारातला पहिला माणूस.

आणि सोमवारी साळुबाईच्या घरी दुधाचा चहा होतो. त्याआधी एक वाटी दूध खरंच महादेवाला जातं.