साखर तिथं मुंग्या

माणसाच्या निर्धारापुढे मधुमेहसुद्धा हात टेकतो, असं काकांनी जाहीर केलं आणि केकचा दुसरा तुकडा उचलला. साखर तिथं मुंग्या, या न्यायानं त्यांच्या तळपायांना वर्षानुवर्षं मुंग्या येत होत्या. या महिन्यात त्या एकदम थांबल्या. एवढ्या आनंदात केक तर आणायलाच हवा! आता ते खुर्चीत अनवाणी पाय पसरून पुतणीची वाट बघत होते. ती त्वचेची डॉक्टर. तपासायला म्हणून तिनं त्यांच्या घोट्याजवळून कातडीचा तिळाएवढा तुकडा नेला होता.

"काय मग, सूक्ष्मदर्शकाखाली सापडली का एखादी मुंगी?" ती दारात दिसताच काका गरजले. "नसणारच! पळवून लावल्या सगळ्या!"

"मुंग्या नाही गेल्या, काका. कातडीतल्या बारीक नसांची टोकं गेली. म्हणून तुम्हाला काही जाणवत नाही."

"अगं, जाणवत नाही म्हणजे बरा झालो ना!"

पुतणी खाली बघत होती. केकचा चुरा काकांच्या पायावर सांडला होता आणि लाल मुंग्या त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावत होत्या.