रिकामं जातं

काष्टीच्या बनुबाईच्या ओव्यांनी शांतवन मास्तरांना वेडच लावलं होतं. पण जातं फिरल्याशिवाय म्हातारीला ओवी आठवायची नाही, आणि बहात्तरच्या दुष्काळात तिच्या घरी दळायला दाणा नव्हता. मास्तरांनी आपल्या रेशनची ज्वारी नेली, नगरहून टेपरेकॉर्डर उसना आणला. म्हातारी दळता दळता जीव ओतून गायली, अन् टेपवर आली ती नुसती जात्याची घरघर!

दुसऱ्या दिवशी मास्तर वैतागून वही घेऊन गेले. "आजी, ज्वारी संपली. रिकामंच फिरवा, मी लिहून घेतो."

"रिकामं जातं फिरवू न्हाई, मास्तर. पर तुमच्या पेटीत कालची घरघर हाय न्हवं? ती लावा, मी म्हनते."

 

ती मास्तरांनी कालच चिडून पुसून टाकली होती.