बुरशीला सरांचं आडनाव

चामड्यावरचे केस रसायनाशिवाय उतरवणारं एन्झाइम पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने एका नव्या बुरशीत शोधलं. पेटंट मात्र तिच्या मार्गदर्शक सरांनी एकट्याच्या नावावर घेतलं.

“तुझं नाव कुठे घुसवू गं? अर्जात जागाच उरली नाही.”

“राहू दे सर. बुरशीचं नाव तेवढं मला ठेवू द्या.”

तिने सरांचंच आडनाव दिलं. सर असे फुगले, की शिपायालाही सांगत सुटले, “शिष्या असावी तर अशी!” नाव नोंदलं गेलं, ते आता बदलता येत नाही.

जिथे ती बुरशी सापडली, त्या चामड्याच्या कारखान्यातले कामगार तिच्या संसर्गाने कुठे कुठे खाजवत होते, हे बघायला सर कधी तिकडे फिरकलेच नव्हते.



हल्ली औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक इकडेतिकडे बघतं, सरांचं आडनाव पुटपुटतं आणि म्हणतं, “जांघेत झालंय हो, मलम द्या.”