बर्फात जाण्याआधी

“टूवा, थांब. आज तू कुणाचीही चेन लावायची नाहीस.”

सॉल्वेगचा आवाज तिच्या स्वतःच्याच कानांना परका वाटला. पाच वर्षांच्या टूवाचे हात सिक्स्टेनच्या बर्फात घालायच्या सुटावर तसेच राहिले. बालवाडीच्या त्या अरुंद खोलीत बारा मुलं एकाच वेळी सूट, बूट, टोप्या चढवत होती. सिक्स्टेन मात्र बाकावर हनुवटी वर करून नवरदेवासारखा बसला होता.

काल सॉल्वेगसह सगळ्या शिक्षिकांनी हीच खोली पडद्यावर पाहिली होती. आपण मुलग्यांशी आणि मुलींशी वेगळं वागतो का, हे तपासायला आठवडाभर कोपऱ्यात कॅमेरा लावला होता. वागत होत्या, चांगलंच वेगळं वागत होत्या. रोज सकाळी टूवा आधी स्वतःचं आवरायची, मग चार मुलग्यांपुढे वाकून एकेकाची चेन लावायची. शेजारी बिचारा एलॉफ आपल्या अडकलेल्या चेनीशी झटत असायचा. त्याच्याकडे ती ढुंकूनही बघत नव्हती.

“ही सेवा करायला शिकली आहे,” विद्यापीठातून आलेली बाई हळुवारपणे म्हणाली होती. “आणि कुणाची सेवा केली की कौतुक होतं, हेही.”

कौतुक कोण करत होतं, ते फिल्ममध्ये स्वच्छ ऐकू येत होतं. “शाब्बास! किती मदत करते आमची टूवा!” आवाज सॉल्वेगचा होता.

एकतीस वर्षं तिने स्वीडनमधल्या या उमिओ शहरात मुलींच्या हाती ट्रक दिले, मुलग्यांच्या हाती बाहुल्या दिल्या, गोष्टीतल्या राजपुत्रांना भांडी घासायला लावली. आणि निवृत्तीला चार महिने उरले असताना कळलं, की आपल्याच तोंडाने आपण एका पोरीची मोलकरीण केली. काल घरी जाताना बसमध्ये तिला रडू आवरलं नव्हतं. आज टूवाची आई न्यायला आली की तिची माफी मागायची, असं ठरवूनच ती आली होती.

“का नाही लावायची?” टूवाने कमरेवर हात ठेवले.

“कारण ते तुझं काम नाही, राणी. ज्याची चेन त्याने लावावी.”

“पण त्याला येत नाही!”

“मग शिकेल.”

“आत्ता शिकणार?” टूवा किंचाळली. “सॉल्वेग, तुझं डोकं फिरलंय का?”

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. सॉल्वेग तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “हे बघ, तू कुणाचं काही केलं नाहीस तरी आम्हाला तितकीच आवडतेस.”

“आवडायचा काय संबंध?” टूवा वैतागून म्हणाली. तिने खिडकीकडे बोट केलं. बाहेर अंगणात, बर्फ काढणाऱ्या गाडीने रचलेला ढीग होता, दोन पुरुष उंच. “जे आधी चढतील, ढीग त्यांचा. मी एकटी कशी धरून ठेवू? हे चौघं माझं सैन्य आहेत. मी चेन लावली नाही तर हे मठ्ठ जेवणापर्यंत इथेच बसतील. पण ढकलतात चांगलं.”

“मी ढकलतो,” सिक्स्टेन अभिमानाने म्हणाला.

सॉल्वेगचा जीव भांड्यात पडला. तिला हसू येऊ लागलं आणि ते थांबेना. मुलग्यांना चेन लावायला शिकवणं राहूनच गेलं होतं, ती चूक तिचीच, आणि ते उद्यापासून शिकवायचं होतं. पण ही पोर कुणाची मोलकरीण नव्हती.

“बरं, लाव बाई,” ती डोळे पुसत म्हणाली. मग तिला कोपऱ्यात घामाघूम झालेला एलॉफ दिसला. “पण त्याला का गं कधीच मदत करत नाहीस?”

टूवाने इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

“तो दुसऱ्या सैन्याचा सेनापती आहे. त्याची चेन रोज कोण अडकवून ठेवतं, असं वाटतं तुला?”