शेवटच्या गाण्यानंतर

साठच्या दशकात चार मित्रांचा रॉक बँड होता. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, आणि तीही फारशी कुणी ऐकली नाही. यंदा ती नव्याने निघाली, तेव्हा चौघांतला फक्त ड्रमर उरला होता.

दुपारी त्याने ती एकट्यानेच लावली. शेवटच्या गाण्यानंतर बाकीच्या तिघांच्या गप्पा ऐकू आल्या. म्हातारा सुखावला. त्याने कंपनीला फोन करून आभार मानले.

"गप्पा? मूळ टेपवर नाहीत हो काका," तिथली मुलगी म्हणाली. "गाणं संपलं की टेपच संपते."

त्याने सुई पुन्हा तिथेच टेकवली. तिघं खिदळत होते. न राहवून तो बोलून गेला, "अरे, मलाही सांगा की!"

खिदळणं थांबलं.

"हळू बोला रे," गायक कुजबुजला, "त्याला ऐकू जातंय."