खालचा डावा सांधा

तिसऱ्या किकला गाडी चालू झाली आणि शेडच्या पत्र्यावरचे कावळे उडाले.

"बघितलंस ताई?" आदेश ओरडला. "हा आवाज थेट रोह्याला ऐकू जायचा."

रोहिणी मागच्या चाकाकडे बघत होती. जुन्या बुलेटचा मागचा अर्धा सांगाडा कापून तिथे नवे, सरळ पाइप जोडले होते. शॉकअप नाहीत, स्प्रिंग नाही. पुढचं चाक लांब पुढे गेलेलं, सीट जमिनीलगत. आदेश या प्रकाराला हार्डटेल म्हणायचा. तिला एवढंच कळलं होतं, की आता रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट त्या चार सांध्यांवर बसणार. आणि नागोठण्यापर्यंत खड्डे किती, हे तिला माहीत होतं.

त्या सांध्यांचं वेल्डिंग बाबांनी मारलं होतं. पेणजवळच्या जोह्यातल्या मोठ्या गणपतींचे लोखंडी सांगाडे तीस वर्षं त्यांच्याच हातचे. ही गाडी त्यांचं शेवटचं काम. दोन महिन्यांपूर्वी ते गेले.

"रोह्याला कंपनीच्या गेटवर सगळे थांबलेत," आदेश म्हणाला. "शिफ्टमधला निलेश म्हणतो, हिच्यावर बसून तू रोह्याला पोचलास तर मी मिशी काढीन. आई, नारळ आण गो लवकर. मिशी वाट बघते."

आई, कृष्णाबाई, ताट घेऊन आली. तिने टाकीला कुंकू लावलं. मग खाली वाकून पाइपांवरून हात फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"सावकाश जा. यांच्या हातचं हाय, काय होयाचं नाय."

चार दिवस रोहिणी एकच वाक्य मनात जुळवत होती. आदेशने हेल्मेट उचललं.

"आदेश, गाडी बंद कर."

"का?"

"बंद कर. खालचा डावा सांधा बघायचाय."

"त्याला काय झालंय? बाबांनी मारलाय तो."

"बाबांना दिसत नव्हतं."

इंजिन धडधडत राहिलं. मग आदेशने किल्ली फिरवली.

तिने सांगितलं. होळीपासून बाबांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग होता. कडेकडेचं दिसायचं, त्यामुळे चालताफिरताना कुणाला कळलं नाही. पण नेमकं ज्याच्याकडे बघायचं, तेच नाहीसं व्हायचं. पेणच्या डॉक्टरकडे तीच घेऊन गेली होती. घरात कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांनी तिला शपथ घातली होती. आदेश शिफ्टला गेला की ते गाडीचं काम काढायचे. वेल्डिंगची दुसरी काळी काच डोळ्यांपुढे धरून ती शेजारी उकिडवी बसायची. डावीकडे म्हणायची, उजवीकडे म्हणायची, आणि त्यांचा हात तसा सरकायचा.

"नाय कसं म्हणणार, म्हणाले. पोरानं पहिल्यांदा काही मागितलंय."

आदेशने हेल्मेट सीटवर ठेवलं. "आणि तो सांधा?"

"तेव्हा ठिणगी माझ्या मानेवर आली. मी डोळे मिटले. त्यांनी विचारलं, बरोबर चाललंय ना गो? मी हो म्हणाले."

"ताई."

"दुसऱ्या दिवशी रंगाआधी सांध्यावर लांबी, पुट्टी लावताना बोट आत गेलं. मी भरून टाकलं."

मूर्तीला भोक दिसलं की भरायचं, घासायचं, वर रंग द्यायचा. बारा वर्षं गणपतीच्या कारखान्यात तिचा हात तेच करत आला होता.

"हात आपोआप गेला. माझ्या लक्षात आलं तोवर तू रंग मारून मोकळा झाला होतास. आणि मग बाबाच..."

स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आदेश गाडीखाली उताणा झाला. काळ्या रंगाची साल निघाली. मग लांबीचा पांढरा भुगा त्याच्या गालावर पडला. त्याने पातं टेकवलं, जरा दाबलं. ते आत गेलं.

रोहिणी वाकली. करंगळीच्या दोन पेरांएवढी चीर होती, आत पोकळ अंधार. शेजारी, सांध्यापासून दोन सूत हटून, धड पाइपावरून बाबांचा वेल्डिंगचा टाका सरळ गेला होता. एकसारखा, कुठेही न तुटलेला.

"नागोठण्यापर्यंतसुद्धा पोचलो नसतो," आदेश खालूनच म्हणाला. थोड्या वेळाने त्याचा आवाज पुन्हा आला. "पण बघ ना. किती सुरेख मारलाय."

तो बाहेर येईना. सांगून झालं होतं, गाडी थांबली होती. तेव्हा रोहिणीच्या लक्षात आलं, की आई अजून काहीच बोललेली नाही.

कृष्णाबाई ताट घेऊन तशीच उभी होती.

"हे मला पेपर वाचून दाखवायचे," ती म्हणाली. "रोज दुपारी. पार शेवटपर्यंत."

रोहिणी तिच्याकडे बघत राहिली. दुपारी ती स्वतः कारखान्यात असायची. आईला वाचता येत नव्हतं, आणि होळीपासून बाबांनाही.

"कोलाडला वाघीण आलीय म्हणाले. दोन पिल्लं हायत. तिन्हीसांजेला नदीवर पाणी प्यायला उतरते, लोक लांबून बघतात, कोण तिला दगड मारत नाय." आईने ताट दुसऱ्या हातात घेतलं. "आठ दिवस तिचंच वाचत होते."

आदेश गाडीखालून सरकत बाहेर आला.

"म्हणजे गो," आईने विचारलं, "ती वाघीण आलीच नाय?"